गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला प्लंबरने डमी (बूच) मारली आहे, काढायला लावू का?

मंडळी, जरा घाईने विचारतेय.

आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतो. २८ मजली टॉवर, आमचा ९वा मजला. जुना गिझर गेला म्हणून २५ लिटरचा नवा बसवला, जुन्याच जागी, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर. चार दिवसांत पीओपीवर चहा सांडल्यासारखा डाग! झाकण काढून बॅटरी मारली तर गार पाण्याच्या तोंडाशी जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या बारक्या नाकातून टपटप चालू. सासूबाईंनी तिथे दह्याचा रिकामा डबा ठेवला. गिझर एकदा तापला की डब्यात जेमतेम दीड कप पाणी जमतं. बंद असताना थेंबही नाही.

प्लंबर आला, म्हणाला, "ताई, व्हॉल्व्हच गळका आलाय." आणि नाकाला टेफ्लॉन गुंडाळून डमी मारून गेला. २०० रुपये. गळणं थांबलं, पण आता गिझर तापताना आतून कुरकुर ऐकू येते आणि माझं आंघोळीत लक्ष लागत नाही. जुन्या गिझरमधून तर कधी थेंब पडला नव्हता. डमी ठेवावी की काढावी? आणि काढली तर ते पाणी न्यायचं कुठे?

प्रतिसाद १ : गच्चीवरचा
नळी लावून खिडकीबाहेर सोडा की. आमच्या वाशीच्या घरी तसंच आहे.

प्रतिसाद २ : पाना-पक्कड
ताई, आधी गिझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा. डमी निघेपर्यंत गिझर लावू नका, आणि डमी काढायची ती पाणी पूर्ण गार झाल्यावर.

तुमचा व्हॉल्व्ह गळका नाही, त्याचं काम करतोय. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेलं की साधारण ३०० मिलिलिटर जास्तीचं होतं, म्हणजे तुमचा दीड कप. पूर्वी ते गार पाण्याच्या लाइनीत मागे सरकायचं. नव्या व्हॉल्व्हमध्ये परतीची वाट बंद असते, म्हणून ते नाकातून येतं. नाकच बुजवलं तर दाब टाकीवर. त्यात कधी थर्मोस्टॅट (ठरल्या तापमानाला गिझर बंद करणारा) आणि कटआउट (तो बिघडला तर वीज तोडणारा) दोन्ही चिकटले तर पाणी शंभराच्या वर जातं आणि टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. एका लिटरची सुमारे १७०० लिटर!

बंद असतानाही गळत असतं तर मी लाइनीच्या दाबाकडे बोट दाखवलं असतं. गच्चीवरच्या टाकीपासून तुम्ही १९ मजले खाली, दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो. तरी पाइपांच्या शाफ्टमधला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह नीट आहे का, सोसायटीत विचाराच.

नाकातलं पाणी खाली न्यायला पाइप तांब्याचा किंवा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) घ्या. साधा पीव्हीसी नको, उकळत्या पाण्याने मऊ पडतो. पारदर्शक नळी तर मुळीच नको. नाकाएवढाच व्यास शेवटपर्यंत, सलग उतार, मध्ये कॉक नाही, कुठे पाणी साठेल असा झोल नाही. टोक उघडं, खाली तोंड करून, नहाणी ट्रॅपच्या (पाणी वाहून जायच्या जमिनीतल्या तोंडाच्या) जाळीच्या थोडं वर, डोळ्यांना दिसेल असं. जाळीच्या आत खुपसू नका, आणि शॉवरखाली जिथे पाय असतात तिथेही नको.

खिडकीबाहेर सोडणाऱ्यांनो, खालून माणसं जातात हो.

धागाकर्ती :
डमी निघाली. प्लंबर वेगळा बोलावला, पहिल्याला फोन केला तर "काही होत नाही ताई". कमोडशेजारचा ट्रॅप धरून तांब्याचा पाइप उतरवला. काल रात्री तापवला आणि खाली स्टूल टाकून बसले, सव्वा कप झाला. एकच राहिलं : उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं खारं पाणी येतं, त्याने हा व्हॉल्व्ह चोंदेल का?

पाना-पक्कड :
चोंदतो. वर छोटा दांडा असेल तो सहा महिन्यांनी, गिझर बंद आणि गार असताना, उचलून पाहायचा. पाणी भसकन आलं तर ठीक. नाही आलं तर व्हॉल्व्ह बदला, ठोकून मोकळा करत बसू नका.