उल्हासनगरचा दाखला तिकडे चालत नाही

खडूस: 'आधी बंदुका थांबू देत, न्यायबिय नंतर. आमचे सिंधी बघा, उल्हासनगरच्या छावणीत आले, रडत न बसता धंदे उभे केले.' पॅलेस्टिनींना उपदेश करणारी ही पोस्ट काल तिसऱ्या ग्रुपवरून आली आणि डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

सिंध्यांना इथे नागरिकत्व मिळालं, मत मिळालं. कल्याण कॅम्पभोवती कुणी नाकी लावली नव्हती. १९४८ ला सातेक लाख पॅलेस्टिनी घरांतून गेले, त्यांची नातवंडं लेबनॉनमध्ये अजून निर्वासितच. वेस्ट बँकेचा ६० टक्के भाग 'सी' क्षेत्रात, म्हणजे पूर्ण इस्रायली ताब्यात; तिथे साधा गोठा बांधायचा तरी इस्रायली परवानगी. १९९३ ला ऑस्लोचा शांतता करार झाला तेव्हा तिथे पूर्व जेरुसलेम सोडून लाखभर इस्रायली वसाहतवाले होते, आज पाच लाख. मोजणी चालू असताना एक भाऊ बांध कोरतोय, आणि दुसऱ्याला म्हणायचं शांत बस!

पेठकर: २००५ ला गाझातून आठेक हजार वसाहतवाले त्यांच्याच सैन्याने ओढून काढले. सरकला ना बांध मागे? मिळालं काय? २००६ ला हमास निवडून आली. ७ ऑक्टोबर २०२३ ला बाराशे मारले, अडीचशे ओलीस नेले. गाझातल्या आजाऱ्यांना स्वतःच्या गाडीतून इस्रायली इस्पितळात पोचवणारे लोकही त्यात होते. ते तुमच्या न्यायात कुठे बसतात?

खडूस: बसतात की. आणि नंतर गाझात साठ हजारांवर मेले ते कुठे बसवू? तुम्हीच जागा दाखवा.

रेवदंड्याची नात: तुमचं चालू द्या, पण आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्रायली, आणि माझी आत्याआजी इस्रायलमधल्या लोदला राहते म्हणून बोलते. साठच्या दशकात गेली. लग्न ठरलं तर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणाले, आजी-पणजी ज्यू होत्या याचा पुरावा आणा. नवगावला गलबत फुटून आलेल्यांनी कुठून आणायचा पुरावा? बेने इस्रायलींनी आंदोलन केलं तेव्हा १९६४ ला इस्रायली संसदेने तुम्ही पूर्ण ज्यू म्हणून ठराव केला. २०२१ च्या मे महिन्यात ज्यू-अरब दंगलीत लोद पेटलं, तेव्हा तिच्या जिन्यातल्या अरब कुटुंबाशी बोलणं तुटलं. आता बोलतात, पण 'पहिल्यासारखं नाय गो' म्हणते.

पक्या_डोंबिवली: म्हणजे रेवदंड्यात जन्मलेली बाई ज्यूंसाठीच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने उतरल्या उतरल्या नागरिक, आणि लोदमध्येच जन्मून १९४८ ला हाकललेला कायमचा परका. रेवदंड्यात कुणी त्रास दिला होता का हो तुम्हाला?

रेवदंड्याची नात: कुणीच नाही. हे आम्ही तुमच्या आधीपासून सांगतोय. शनवार तेली म्हणायचे, कारण आम्ही शनिवारी घाणा बंद ठेवायचो, बस्स. आत्याआजीला चोर म्हणायचं असेल तर सरळ म्हणा, आडून नको. तिच्या शेजारची म्हातारी बगदादची. १९५१ ला इराकने त्यांची मालमत्ता गोठवली, एक पेटी घेऊन आली. तिचा न्याय कोण करणार, पक्याभाऊ?

पक्या_डोंबिवली: चोर कुणी म्हटलं? शब्द तोंडात घालू नका.

पेठकर: म्हटलंत, फक्त सभ्यपणे.

खडूस: बगदादवालीची पेटी मान्य. लिहून ठेवा, पेठकर, पेढे वाटा. पण तो हिशेब बगदादने द्यायचा. हेब्रॉनच्या शेतकऱ्याच्या ऑलिव्हच्या झाडांनी का?

पेठकर: हेब्रॉनच्या वसाहतवाल्यांची वकिली मी करत नाही. ऑस्लोवर सही करणाऱ्या इस्रायली पंतप्रधान राबिनला मारणारा अरब नव्हता हेही मला ठाऊक आहे, शिकवू नका. पण सही कुणाची घ्यायची? पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास २००५ ला निवडून आले, त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच नाही.

खडूस: ती अडचण खरी आहे. सहीवाला सापडेपर्यंत निदान बांध कोरणं तरी थांबेल का, एवढंच विचारतोय.

रेवदंड्याची नात: आत्याआजीला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तिच्या इमारतीमागे एक जुनं दगडी घर आहे. तुम्ही एवढे हुशार, तर त्याचे मालक कुठे गेले ते सांगा म्हणते. इतकी वर्षं तिने कुणाला विचारलं नव्हतं.

पक्या_डोंबिवली: जुलै १९४८ ला लोदचे लोक उन्हातून रामल्लाच्या दिशेने चालत गेले. अंतर पुणे-तळेगावएवढं. आज यायचं तर परवाना लागतो.

पेठकर: ते परवाने ७ ऑक्टोबरनंतर बंद का झाले तेही सांगा आजींना.