रेडिएशन संपून तीन वर्षं झाली, आता बाबांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीचा आकडा) वर चाललाय. आजार परत आला का?

चिपळूणची लेक

नमस्कार. बाबा ७२ वर्षांचे आहेत, आईबरोबर चिपळूणजवळच्या गावी राहतात. मी ठाण्यात असते. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पीएसए ४८, बायोप्सीत ग्लिसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा, १० पैकी गुण) ४+५=९. डॉक्टर म्हणाले, आक्रमक प्रकार आहे, पण पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (प्रोस्टेटचा कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते दाखवणारा) हाडांत काही नाही. ऑपरेशन केलं नाही. २५ दिवस रेडिएशन दिलं, ते जानेवारी २०२२ मध्ये संपलं. शिवाय दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन, अशी दोन वर्षं. शेवटचं सप्टेंबर २०२३ मध्ये घेतलं.

इंजेक्शनं चालू होती तोवर रिपोर्ट कायम ०.०१ च्या खाली. त्यानंतरचे आकडे असे: मार्च २०२४ ला ०.०२, सप्टेंबरला ०.०९, डिसेंबरला ०.२१ आणि आता मार्च २०२५ ला ०.३८. यातला डिसेंबरचा ठाण्याच्या लॅबचा, बाकी चिपळूणचे.

ओळखीतल्या एकांनी फोनवर सांगितलं की ०.२ च्या वर गेलं म्हणजे कॅन्सर परत आला. ते बाबांनी ऐकलं. आई म्हणते, तेव्हापासून ते पोफळींना पाणी घालायलाही खाली उतरले नाहीत, पडवीत बसून असतात. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तोपर्यंत काय करायचं? कुणाला असा अनुभव आहे का?

निवृत्त गणितमास्तर, इस्लामपूर

ताई, मी ७४ वर्षांचा. माझाही ग्लिसन ४+५. निदान २०१८ चं, तेव्हा पीएसए ६२ होता. रेडिएशन आणि दोन वर्षं इंजेक्शनं, म्हणजे तुमच्या बाबांचाच रस्ता. मी डॉक्टर नाही, पण या आकड्यांच्या मागे सात वर्षं आहे.

पहिली गोष्ट, ती ०.२ ची रेघ तुमच्या बाबांची नाहीच. ज्यांची ग्रंथी ऑपरेशनने काढून टाकली आहे त्यांच्यासाठी ती आहे. ग्रंथीच नाही तर पीएसए यायलाच नको, म्हणून तिथे ०.२ दोनदा आला की डॉक्टर सावध होतात. रेडिएशनमध्ये ग्रंथी जागेवरच राहते. तिथला नियम असा की इलाजानंतरचा सगळ्यात कमी आकडा धरायचा आणि त्यावर २ चढले की आजार उलटला म्हणायचं. अमेरिकेत फिनिक्स शहरात २००५ साली तज्ज्ञांनी बसून हे ठरवलं, म्हणून त्याला फिनिक्सचा नियम म्हणतात. बाबांची रेघ साधारण २.०१ ला येते. ते आहेत ०.३८ वर. हे आजच्या आज त्यांना सांगा, तारखेची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. इंजेक्शनं अंगातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जवळजवळ शून्यावर आणतात. ती थांबली की ते सावकाश परत येतं, आमच्या वयात वर्ष-दीड वर्षही लागतं. ते आलं की उरलेली निरोगी ग्रंथीसुद्धा थोडा पीएसए सोडायला लागते. २०२१ मध्ये माझा आकडा नऊ महिन्यांत ०.०४ वरून ०.६ वर गेला. मी मृत्युपत्राचा कच्चा मसुदा लिहायला घेतला होता. नऊ महिने कुणी टेस्टोस्टेरॉन तपासलंच नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं तर ३१० निघालं, म्हणजे ते परत आलं होतं. तेव्हापासून पीएसए ०.६ ते ०.८ च्या मध्येच आहे, आज चार वर्षं.

मी शाळेतली आलेखवही घेतली आहे. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर पीएसए निळ्या पेनाने आणि टेस्टोस्टेरॉन लाल पेनाने. डॉक्टरांसमोर फाइल चाळण्यापेक्षा ते एक पान उघडतो. लाल रेघ चढताना निळी थोडी चढली आणि मग लाल स्थिरावल्यावर निळीही आडवी झाली, हे त्यांना एका नजरेत दिसतं. लाल रेघ सपाट झाल्यावरही निळी चढतच राहिली तर मात्र विचार करायचा, आणि तिथे ती किती महिन्यांत दुप्पट होते हे बघायचं. ०.०९ चे ०.२१ झाले की दुपटीपेक्षा जास्त वाटतात, पण इतक्या लहान आकड्यांचा, तोही टेस्टोस्टेरॉन परतत असताना, दुपटीचा हिशोब फसवा असतो.

म्हणून तारखेआधी पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये करून घ्या.

२ होईपर्यंत निर्धास्त बसायचं, असं मात्र मी म्हणत नाही. ग्लिसन ९ मध्ये पीएसए फारसा न वाढताही आजार हलू शकतो. नवीन दुखणं कंबरेत किंवा बरगडीत सुरू झालं आणि रात्री झोपू देईना, लघवीतून रक्त गेलं, तर तारखेची वाट बघायची नाही. पायातली ताकद गेली किंवा पाठदुखीबरोबर लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण मणक्यात मज्जारज्जूवर दाब आला तर तासांना किंमत असते.

आणि हाडांचं विचारा. माझ्या दोन वर्षांच्या इंजेक्शनांत हाडं तपासायला कुणी सांगितलं नाही. एका पहाटे मोरीत घसरलो, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडायला नको होतं. मग डेक्सा (हाडांची घनता मोजणारा) स्कॅन केला तर हाडं ठिसूळ झालेली. सहा आठवडे खडू धरता येत नव्हता, तेव्हा मी घरी दोन मुलींना दहावीचं गणित शिकवत होतो. त्यांनी फळ्यावर लिहायचं, मी तोंडाने सांगायचं. बाबांचा डेक्सा झाला नसेल तर करून घ्या. आणि त्यांना पोफळीत पाठवा. कळशी उचलणं, चढ-उतार करणं, हे हाडांना आणि स्नायूंना हवंच असतं.

प्रयोगशाळा सहायक, नाशिक

सरांना एवढीच जोड देते. मी लॅबमध्ये काम करते. दोन लॅबची यंत्रं वेगळी असतील तर एकाच रक्ताचे आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून ठाण्याचा ०.२१ चिपळूणच्या रांगेत धरू नका. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होऊ दे, मगच रक्त द्या. आदले दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध नकोत. केसांसाठी किंवा ताकदीसाठी बायोटिन असलेली गोळी चालू असेल तर लॅबला सांगा. काही यंत्रांवर तिच्यामुळे पीएसए खोटा कमी दिसतो.

अकोल्याची मावशी

माझ्या यजमानांचंही रेडिएशनच झालं. पीएसए उत्तम, म्हणून आम्ही निवांत. दोन वर्षांनी शौचावाटे रक्त जायला लागलं आणि त्यांनी तीन आठवडे मला सांगितलंच नाही. मनात म्हणे, आता दुसरा कॅन्सर. धोतर धुताना मला डाग दिसला. डॉक्टरांनी दुर्बिणीने बघितलं, रेडिएशनने आतड्याच्या शेवटच्या भागातल्या नसा नाजूक झाल्या होत्या. औषधाने थांबलं. एक लक्षात ठेव बाळा, दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं आधी सांगायचं, कारण त्या नाजूक जागेचा तुकडा तपासायला काढला तर जखम लवकर भरत नाही. बाबांना तू मोकळेपणी विचार, ही पिढी आपणहून सांगत नाही.

अजून एक. इंजेक्शनांच्या काळात ह्यांना ऐन थंडीत घाम फुटायचा, पंखा लावायचे. क्षुल्लक कारणाने डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, हे खचले. ते औषधाने होत होतं, हे आधी कळलं असतं तर मी इतकी चिडले नसते.

चिपळूणची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांचा मजकूर मी फोनवर बाबांना वाचून दाखवला. ते मध्येच म्हणाले, "ते रेघेचं परत वाच."

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. चिपळूणच्याच लॅबमध्ये दोन्ही तपासण्या केल्या होत्या. पीएसए ०.४१, टेस्टोस्टेरॉन २४६. डॉक्टर म्हणाले, टेस्टोस्टेरॉन अजून चढतंय, त्यामुळे आज काही ठरवायचं नाही. दर तीन महिन्यांनी दोन्ही तपासायचे. पुढे वेगाने दुप्पट होत गेला तर पेट स्कॅन करू, इतक्या कमी आकड्याला स्कॅनमध्ये काही दिसेलच असं नाही, असंही म्हणाले. डेक्सा झालेला नव्हताच, लिहून दिलाय. ग्लिसन ९ असल्यामुळे बीआरसीए (दोष असला तर घराण्यात कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या) जनुकाची तपासणीही सुचवली. तो दोष निघाला तर माझी आणि काकांचीही तपासणी करावी लागेल.

मावशी, विचारलं मी. रक्त नाही, पण रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, हे आईलाही माहीत नव्हतं. त्याचंही औषध मिळालं.

सर, येताना बाबांनी आलेखवही घेतली. लाल पेन घरात नव्हतं, तेही घेतलं. पुढची तारीख २३ जुलै.

निवृत्त गणितमास्तर, इस्लामपूर

पहिल्या पानावर ठाण्याचा आकडा वेगळ्या खुणेने मांडायला सांगा, पुसू नका. माझं रक्त ११ जुलैला आहे. रिपोर्ट आला की इथे लिहितो.