पिंपलचे खड्डे, सोलापुरात लेसर करावं का?

होटगीरोडकर: धाकट्या बहिणीसाठी विचारायलोय. वय २३, कॉलेजात असताना लई पिंपल्स आले, आता दोन्ही गालांवर खड्डे राहिलेत. घरात कार्य असलं की ही मागच्या खोलीत जाऊन बसते, बघवत नाही. एका ठिकाणी एकाच सिटिंगमध्ये चेहरा गुळगुळीत करतो म्हणालेत आणि एप्रिलची तारीख दिलीय. पाठवू का?

सातरस्ता_ताई: भाऊ, एप्रिलमध्ये अजिबात नको!! मी फ्रॅक्शनल सीओटू लेसरच्या चार सिटिंग घेतल्यात, दोन सिटिंगमध्ये महिना-दीड महिन्याचं अंतर. एका सिटिंगमध्ये खड्डे जातच नाहीत, लेसर कातडीला बारीक बारीक छिद्रं पाडतो, मधली कातडी शाबूत ठेवतो आणि मग आतून नवीन कोलेजन, म्हणजे कातडी भरीव ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला काही महिने जातात. आधी पाऊण तास सुन्न करायची क्रीम लावतात तरी चटका बसतोच, नंतर आठवडाभर चेहरा लाल, सुजलेला, वर तपकिरी खपल्या, त्या नखानं काढायच्या नाहीत. आणि आपली कातडी सावळी, त्यात सोलापूरचं ऊन, लेसरनंतर ऊन लागलं की काळे डाग पडतात आणि ते जायला कित्येक महिने लागतात. मला पहिल्या वेळी पडले होते, स्कार्फ न बांधता स्कूटीवर गेले म्हणून, फार रडले होते तेव्हा. दिवाळीनंतर सुरू करा, सनस्क्रीनची सवय मात्र आजपासून लावा.

जुळेसोलापूर_७: ताईंचं बरोबर आहे. अजून एक, सगळे खड्डे सारखे नसतात. सुईनं टोचल्यासारखे अरुंद खोल असतील तर त्यात टीसीए ॲसिडचा थेंब टाकतात, पसरट आत ओढलेले असतील तर सुईनं खालचे धागे सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. नुसतं लेसरच विकणारा माणूस हे सांगत नाही. त्वचारोगात एमडी किंवा डिप्लोमा आहे का ते बोर्डावर बघा, लेसर स्वतः करणार की मशीनवाली मुलगी करणार ते तोंडावर विचारा. नवीन पिंपल्स येत असतील तर आधी ते थांबवा. पिंपलच्या गोळ्या चालू असतील, जखमेचा व्रण फुगून वर येत असेल किंवा ओठावर सारखे तापाचे फोड येत असतील तर आधीच सांगायचं.

होटगीरोडकर: एप्रिलची तारीख कॅन्सल केली. सोमवारी तिला सिव्हिलच्या स्किन ओपीडीत दाखवतो. ती मेडिकलमधून आणलेली गोरं व्हायची एक क्रीम रोज लावते, ते पण सांगावं लागेल का?

सातरस्ता_ताई: हो हो, ट्यूबच सोबत न्या! त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते आणि उलट पिंपल्स येतात. पण एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो, डॉक्टर सांगतील तशी सोडा. आणि तिला म्हणावं, काय वाटलं तर मला मेसेज कर, माझे आधीचे-नंतरचे फोटो दाखवते.