मनमोहन सिंग गेले. पण पाच एकरांची अट विसरायची का?

द्राक्षवाला, तासगाव : "शेतकऱ्याला काही न देता गेलेल्या माणसासाठी स्टेटस कसले ठेवताय?" असं काल इथं एकानं लिहिलं. रात्रभर डोक्यात तेच. २६ डिसेंबरला बातमी आली तेव्हा आमचे वडील अंथरुणात उठून बसले. चार एकर बाग, डावणी रोगानं सलग दोन वर्षं घड गेलेले, सोसायटीचं कर्ज थकलेलं. २००८ ला मनमोहन सिंगांच्या सरकारच्या कर्जमाफीत ते माफ झालं. बोजा उतरलेला सातबारा वडिलांनी देव्हाऱ्यात ठेवला होता. माणूस गेलाय, दोन दिवस तरी थांबा की!

माणदेशी, दहिवडी : मीच लिहिलंय ते. तुमचं चार एकर बागायत, आमचं अकरा एकर कुसळाचं रान. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकर, मग आम्ही 'मोठे शेतकरी'! पंच्याहत्तर टक्के भरा, मग पंचवीस टक्के सूट. बैलजोडी विकूनसुद्धा तेवढे जमले नाहीत.

वाळव्याची सून : तुम्ही दोघं माफीवरच भांडा. माझ्या सासऱ्यांनी एक मार्चएंड चुकवला नाही. त्या साली माझ्या पाटल्या मोडून भरले. शेजारच्यांचं थकलेलं, त्यांचं माफ. आम्हाला शून्य.

द्राक्षवाला : ताई, थकलेला प्रत्येकजण बुडव्या नसतो. माझा बाप चोर होता का?

वाळव्याची सून : चोर कोण म्हणालं? माझ्या तोंडी शब्द घालू नका. माझ्या पाटल्या गेल्या, एवढंच सांगितलं.

निवृत्त मास्तर, विटा : अरे, माणूस काय फक्त कर्जमाफीचा होता? १९९१ ला देशाला सोनं गहाण टाकायची वेळ आली, तेव्हा अर्थखातं त्यांनी सांभाळलं. रोजगार हमीचं बी आपल्याच तासगाव भागातलं, वि. स. पागे यांचं, ते २००५ च्या कायद्यानं देशभर गेलं, तेही हेच पंतप्रधान असताना.

माणदेशी : मास्तर, रोजगार हमीचं मान्य. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजीनं सुकडी खाऊन खडी फोडलीय. तिच्यासाठी तेवढं श्रेय देतो. काल 'काही न देता' लिहिलं, ते मागं घेतो. पण अट चुकीचीच होती.

द्राक्षवाला : अट चुकीची होती, बरं. कोरडवाहूला वेगळा हिशोब हवा होता.

वाळव्याची सून : आणि वेळेत भरणाऱ्याला? राज्याचं ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन खात्यावर यायला २०२२ उजाडलं. सासरे तोवर राहिले नव्हते.