टाउ बीटा पाय: बोलावणं आलंय, पैसे भरावेत का?

रानमेवा:
भाची अमेरिकेत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला टाउ बीटा पाय या इंजिनिअरिंगच्या मानाच्या संस्थेचं बोलावणं आलंय. तिसऱ्या वर्षातला वरचा एक-अष्टमांश आणि शेवटच्या वर्षातला वरचा एक-पंचमांश पात्र धरतात, मग 'चारित्र्य' बघून निवडतात. पैसे एकदाच भरायचे, सभासदत्व जन्मभराचं. ती म्हणते, "मावशी, जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, रेझ्युमेवर आहेच, त्यावर आणखी शिक्का कशाला?" मला तिचं पटतंय. तुमचं काय मत?

कोपरखळी:
पटू देऊ नका! 1885 साली लीहाय विद्यापीठात खाणकाम शिकवणाऱ्या एडवर्ड विल्यम्स यांनी ही काढली. स्वतः फाय बीटा कॅपा या कला-विज्ञानवाल्यांच्या मानाच्या संस्थेचे सभासद, पण तिथे इंजिनिअरिंगच्या पोरांना दार बंद. म्हणून हे वेगळं घर बांधलं. त्याला शिक्का म्हणता?

चिंचोके:
घर बांधलं, पण मुलींना उंबऱ्याबाहेर ठेवलं, तेही सांगा की. 1969 पर्यंत बायकांना सभासदत्व नव्हतं. गुण तेवढेच असले तरी हातात वेगळा 'महिला बिल्ला'. चारित्र्याच्या गप्पा तेव्हाही चालू होत्याच.
आणि चारित्र्य ठरवणार कोण? वीस-एकवीस वर्षांची, त्याच वर्गातली मुलं. जो गप्प बसतो, कार्यक्रमांना येत नाही, पार्टटाइम नोकरी करून फी भरतो, त्याचं चारित्र्य यांना कळणार कसं?

मिशिगनकर:
चिंचोके, 1969 चा मुद्दा मान्य, पुढचा नाही. आमच्या कॉलेजातल्या टाउ बीटा पायच्या शाखेत नव्या उमेदवारांना पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवावं लागायचं, फुकट. शिवाय पितळेचा ओबडधोबड 'बेंट' कानशीनं घासून चकचकीत करायचा. पुलाच्या आधाराची चौकट असते ना, तसा आकार, तेच संस्थेचं चिन्ह. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी कानस हातात धरलेली बघणं हा वेगळाच सोहळा! गुणांवर फक्त दार उघडतं, काम केल्याशिवाय आत घेत नाहीत.

चिंचोके:
दार उघडतं तेच चुकीच्या किल्लीनं. पूर्ण कॉलेजच्या इंजिनिअरिंगच्या यादीत वरचा एक-अष्टमांश! ज्या विभागात ए ग्रेड सढळ हातानं वाटतात, तिथली मुलं आपोआप वर. थर्मोडायनॅमिक्समध्ये रडकुंडीला आलेला हुशार पोरगा बाहेर. शिकवायचं असेल तर त्यालाही शिकवता येतंच की, बिल्ला कशाला?

कोपरखळी:
मग काय चिठ्ठ्या टाकून निवडायचं? कुठेतरी रेघ मारावीच लागते.

पावशेर:
दोघं भांडा, मी कामाचं सांगतो. 'तुमची गुणवत्ता आमच्या नजरेत आली' असं लिहून पैसे उकळणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत, कॉलेजमध्ये कुणाला त्यांचं नावही माहीत नसतं. ही तशी नाही, पण कुठल्याही मेलवर कार्डचा नंबर टाकण्याआधी डीनच्या ऑफिसात विचारावं. नोकरीचं म्हणाल तर, मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा हे नाव दिसलं की एकच प्रश्न विचारतो: तिथे काय केलंस? काहीजणांची ततपप होते.

रानमेवा:
भाचीला धागा दाखवला. म्हणते, पैसे नंतर, आधी त्या कॅल्क्युलसच्या वर्गात जाऊन बघते कोण शिकवतं ते.

चिंचोके:
बघू दे. पण मत देताना तिच्या वर्गातल्या गप्प बसणाऱ्या मुलाचं नाव कुणी घेतलं का, तेही विचारायला सांगा.