स्टेल्थ म्हणजे नुसता रंग नव्हे

स्टेल्थ म्हणजे विमान रडारला सहज न दिसणं. इथे एकांनी लिहिलंय की रडारच्या लहरी शोषणारा रंग जमला की आपलं ॲम्का, म्हणजे भारतात बनणारं नवं स्टेल्थ लढाऊ विमान, तयार. तसं नाही हो, मुख्य काम आकाराचं आहे. नाशिकजवळच्या ओझरला उतरणारं सुखोई लढाऊ विमान आमच्या द्राक्षबागेवरून जातं. पंखाखाली शस्त्रं टांगायच्या खुंट्या, सरळ उभ्या शेपट्या. रडारला हे सगळं आरशासारखं. ॲम्कात शस्त्रं पोटात, शेपट्या तिरक्या आणि इंजिनाकडे जाणारी हवेची वाट नागमोडी, म्हणजे इंजिनाची पाती समोरून दिसतच नाहीत. झाकणांच्या कडासुद्धा करवतीच्या दातांसारख्या कापाव्या लागतात! २०२४ मध्ये ॲम्का विकसित करायला १५ हजार कोटी रुपये मंजूर झाले, पण सुरुवातीचं इंजिन अमेरिकेचं एफ-४१४. मला खरी काळजी त्याचीच वाटते. आणि मिग, सुखोई बांधलेल्या ओझरच्या विमान कारखान्यातल्या कारागिरांना यात काम मिळायलाच हवं.