मदत हवी आहे: घरच्या साबणात ५ टक्के सुपरफॅट (साबण न होता सुटं राहणारं तेल) ठेवूनही हात कोरडे पडतात, किती वाढवू?

लिंबोणी:
तिसरा घाणा झाला, तरी तेच! सुपरफॅट आधी ५ ठेवलं, मग ८ केलं. हात धुऊन पुसले की पेरांवर पांढऱ्या रेघा उमटतात, कातडी ओढल्यासारखी होते. आता १० करू की १२? उद्या सकाळीच करायला घेणार आहे, लवकर सांगा.

मोजूनमापून:
तेलं कोणती? त्याशिवाय आकडा कसा सांगणार? कास्टिक सोडा काट्यावर तोललात की चमच्याने घेतलात? वड्या किती दिवसांच्या आहेत?

कढईवाला:
कोल्ड प्रोसेस (न शिजवता साबण करणं) सोडाच. हॉट प्रोसेसमध्ये साबण शिजल्यावर शेवटी शिआ बटर घाला, तेच सुटं राहतं. मी कायम असंच करतो.

मोजूनमापून:
कढईवाला, बरोबर आहे, कोल्डमध्ये ट्रेसला, म्हणजे मिश्रण दाटायला लागल्यावर, घातलेलं शिआही कास्टिक खातो. पण ताईंनी आकडा विचारलाय.

नवशिका:
मधेच विचारतो, द्रवसाबणाला ५ चालेल का? माझ्या बाटलीत वर तेलाचा थर येतो.

कढईवाला:
द्रवसाबणाला २-३ च्या वर जाऊ नका, तेल वर येणारच. वेगळा धागा काढा.

लिंबोणी:
तेल खोबरेलच, ५०० ग्रॅम. दुसरं काहीच नाही. ते तर त्वचेला चांगलं ना? सगळं काट्यावरच तोलते. वड्या ९ दिवसांच्या.

मोजूनमापून:
अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! खोबरेलात निम्म्याहून जास्त लॉरिक आणि मिरिस्टिक आम्लं. त्यांचा साबण मळाबरोबर कातडीचं तेलही काढून नेतो. नुसत्या खोबरेलाला २० टक्के सुपरफॅट ठेवतात. एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कास्टिक लागतो; ५०० × ०.१८३ म्हणजे ९१.५ ग्रॅम, त्यातून २० टक्के वजा केले की ७३.२. तुमच्या ५ टक्क्यांना ८६.९ पडला असणार. शिवाय ९ दिवस म्हणजे वडी कच्चीच, निदान ४ आठवडे सुकू द्या. मात्र हे २० दुसऱ्या तेलांना लावू नका, वडी मऊ पडते आणि फेस बसतो.

सायंतारा:
मला २० पटत नाही. खोबरेल २५ टक्क्यांवर आणा, बाकी ऑलिव्ह, थोडं एरंडेल. मग ५ पुरतं. सुटं तेल खवटतं. माझ्या सूर्यफूल तेलाच्या वड्यांवर १० टक्क्यांना नारिंगी ठिपके आले, जुन्या तळणाचा वास सुटला. सगळ्या टाकल्या, फार जीव हळहळला.

मोजूनमापून:
ते सूर्यफुलातल्या लिनोलिक आम्लामुळे. खोबरेल इतक्या सहज खवटत नाही.

सायंतारा:
तरी फेस ऑलिव्हच्या मिश्रणाचाच मऊ.

लिंबोणी:
घरात ऑलिव्ह नाही, उद्या ७३.२ नेच करते. आधीच्या वड्यांचं काय करू?

कढईवाला:
कपड्यांना वापरा, मळ छान काढतात. आणि खोबरेलाची लादी ५-६ तासांतच कापा. रात्रभर राहिली तर सुरीखाली टवके उडतात.